भंगारातून आणलेल्या जुन्या हत्यारांवरचं काळं, चिकट किटण व्हिनेगरनेही निघत नाही. ग्राइंडरला तारेचं चाक लावून घासू का?

नका. आणि पुढचं वाचण्याआधी ती हत्यारं व्हिनेगरमधून बाहेर काढा. करवत आणि पटाश्या आधी, बाकीची मागाहून. पाण्याने धुवा, लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात दहा मिनिटं बुडवा, कोरडी पुसा आणि रॉकेलचं फडकं फिरवून ठेवा.

तुम्ही लिहिलंय की रंधा, पटाश्या, करवत, पाने, पकडी असा ढीग आहे, दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवला, कुठेकुठे गंज सुटला पण काळा थर तसाच आहे, आणि कोणीतरी तारेचं चाक सुचवलंय. सल्ला देणारा माणूस कोण ते मला माहीत नाही, पण असा सल्ला देणारे सगळे एकच चूक करतात. त्यांना जे काळं दिसतं ते सगळं गंज वाटतं.

तुमच्या हत्यारांवर जे उरलंय ते बहुतेक गंज नाही, वाळलेलं तेल आहे. ओळखायची रीत सोपी. पितळी पट्टीच्या कडेने थोडं खरवडून बघा. गंज असेल तर विटकरी भुकटी पडते. तेल असेल तर मऊ थराची वळी गोळा होते, आणि फार जुनं असेल तर पिवळट-तपकिरी पापुद्रे उडतात, उजेडात धरले तर अर्धपारदर्शक दिसणारे. शंका राहिली तर पाण्याचा थेंब टाका. थेंब गोल उभा राहिला तर खाली तेल आहे. थेंब पसरून आत शोषला गेला तर गंज.

आम्ल पाण्यातून काम करतं. जिथे पाणीच पोहोचत नाही तिथे व्हिनेगर दोन दिवस ठेवा नाहीतर दोन महिने, फरक पडणार नाही. उलट उघड्या पडलेल्या लोखंडाला ते खात बसतं. म्हणून अशा हत्यारावर चट्टे पडतात: मोकळ्या जागी करडं, खरबरीत झालेलं पोलाद आणि किटणाखाली जसाच्या तसा गंज. आधी तेल, मग गंज. हा क्रम मोडला की पुढचं सगळं चुकतं, मग औषध कितीही भारी आणा.

आता तेलातही दोन जाती आहेत आणि त्यांना वेगवेगळं हाताळावं लागतं. मशीनचं तेल आणि ग्रीस खऱ्या अर्थाने वाळत नाही. दाटतं, त्यात भुसा, धूळ, धातूची कीस मिसळते आणि त्याचा काळा लगदा होतो. हा रॉकेलमध्ये विरघळतो. दुसरी जात वनस्पती तेलाची. जवसाचं, सूर्यफुलाचं, सोयाबीनचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन रेणूला रेणू जोडत जातं आणि शेवटी न विरघळणारा घट्ट पापुद्रा होतो. कढईच्या बाहेरच्या अंगाला बसलेला तपकिरी थर म्हणजे हाच पदार्थ. त्याला रॉकेल फक्त ओलं करतं. तो तोडायला क्षार, म्हणजे सोड्यासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, लागतो.

सुरुवात कोरड्याने करा. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची धार काढलेली पट्टी घेऊन जाड थर खरवडून टाका; जितकं आत्ता निघेल तितकं रॉकेल कमी मळेल. मग झाकणाच्या डब्यात हत्यार बुडेल इतकं रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन, आणि २४ तास विसरून जा. दुसऱ्या दिवशी जुना टूथब्रश आणि पितळी तारांचा हातब्रश. पोलादी तारांचा ब्रश इथे नको. पितळ मऊ असल्याने किटण काढतं आणि खालच्या धातूला ओरखडत नाही. पाना आणि पकडीच्या सांध्यात ब्रश जात नाही, तिथे रॉकेलमध्ये असतानाच सांधा उघडझाप करत राहा. आधी काळा गाळ बाहेर येतो, मग तपकिरी, मग स्वच्छ. ॲडजस्टेबल पान्याच्या चकतीखालचा गाळ काढायचा तर तिची पिन काढून चकती सुटी करावीच लागते, बाहेरून घासून उपयोग नाही. वापरलेलं रॉकेल फेकू नका. दोन दिवस स्थिर ठेवलं की गाळ तळाशी बसतो, वरचं ओतून पुन्हा वापरता येतं. गाळ मात्र मोरीत जाता कामा नये.

रॉकेलनंतर जे उरेल तो दुसऱ्या जातीचा थर. त्यासाठी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब. पाणी ६० ते ७० अंश सेल्सिअस ठेवा, हत्यार तासभर बुडवा. पापुद्रा फुगतो, कडेने सुटायला लागतो आणि ब्रशने साय निघावी तसा निघतो. थंड पाण्यात हेच व्हायला रात्र लागते आणि तरी अर्धवट होतं. तरीही हटला नाही तर कॉस्टिक सोडा, लिटरला ३० ते ५० ग्रॅम, थंड पाण्यात, रात्रभर. हा फक्त पूर्ण उघड्या लोखंडासाठी. हातमोजे, चष्मा, आणि सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, कारण तो विरघळताना जबरदस्त तापतो आणि उसळतो. ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा आणि लाकूड यांना कॉस्टिक लागता कामा नये. पितळ धुण्याच्या सोड्यातही काळवंडतं, म्हणून ते वेगळं काढून ठेवा.

झाडाची राळ असेल तर टर्पेंटाइन किंवा अल्कोहोल. रंगाचे शिंतोडे असतील तर थिनरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांधा आणि अर्धा तास थांबा. यांतला सिमेंट हा एकच मळ असा आहे ज्याला व्हिनेगर थेट चालतं.

तुमच्या ढिगात रंधा आहे म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त वाट लोक रंध्याचीच लावतात. लोखंडी रंधा सुटा केल्याशिवाय साफ होत नाही. पातं आणि त्यावरची पट्टी काढली की आत जे उतरतं बैठकीचं लोखंड दिसतं, त्याच्या खाली, रंध्याच्या अंगाशी जिथे ते टेकतं, तिथे बारीक भुसा आणि तेल यांचा दाबून बसलेला थर असतो. तो कागदाच्या जाडीचा असला तरी बैठक हलते आणि पातं थरथरतं. लोक पात्याला धार लावत बसतात आणि दोष तिथे नसतोच. बैठकीचे स्क्रू सोडवताना पेचकस खाचेत घट्ट बसणारा हवा, लांबीलाही आणि जाडीलाही. बसत नसेल तर कानशीने पेचकस घासून खाचेच्या मापाचा करा. पेचकस घासणं परवडतं, स्क्रू खराब करणं नाही, कारण जुन्या स्टॅनले रंध्यांच्या बैठकीचे आणि मुठींचे स्क्रू १२-२० आट्यांचे, म्हणजे १२ नंबर जाडीचे आणि इंचाला २० आटे असलेले आहेत. बाजारातला साधा स्क्रू त्यात बसत नाही.

मागची पितळी चकती, जिने पातं खालीवर होतं, तिचे आटे डावे आहेत. मागून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की ती बाहेर येते. हे माहीत नसलेला माणूस ती उलट आवळत जातो, वर पकड लावतो, आणि आत जी बेचकीसारखी लहान तरफ असते ती तुटते. जुन्या रंध्यात ही बेचकी बिडाची असते. बीड वाकत नाही, सरळ मोडतं. चकती जाम असेल तर आट्यांवर रॉकेल आणि पातळ मशीन तेल समभाग सोडा, रात्रभर थांबा, मग अगदी थोडी पुढे आणि थोडी मागे अशी हलवत राहा.

रंध्याच्या आतल्या अंगाला काळा चकचकीत लेप असतो. तो किटण नाही! डांबरापासून बनवून भट्टीत भाजलेला तो गंजरोधक लेप आहे, त्याला जपानिंग म्हणतात. गरम सोडा, कॉस्टिक, थिनर, यातलं काहीही त्याला उचलतं. विद्युत पद्धतीने (हत्यार पाण्यात बुडवून त्यातून वीज सोडून) गंज काढतानाही तो सुटतो. म्हणून रंध्याच्या अंगाला फक्त रॉकेल, मऊ ब्रश, शेवटी साबणाचं कोमट पाणी, आणि लगेच कोरडं करणं. किटण कुठे संपतं आणि लेप कुठे सुरू होतो ते बोटाने कळतं: किटण रॉकेलने निसरडं होतं, लेप काचेसारखा कडक राहतो.

करवतीला दाढीच्या पात्याची स्क्रेपर-पट्टी अगदी आडवी धरून, रॉकेल लावून, लांबीच्या दिशेने ओढा. राळ आणि तेल दोन्ही एकदम निघतात. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पण सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच. पात्याच्या मधल्या भागात कंपनीचं कोरीव चिन्ह असण्याची शक्यता असते. ठोकळ्यामुळे कागद खोलात शिरत नाही आणि अक्षरं काळी उठून दिसतात. नुसत्या बोटांनी घासलं तर ती पुसली जातात.

आता गंज. तुम्ही विचारलंय की सगळ्यात चांगलं औषध कोणतं. साध्या पोलादासाठी सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम, तीन ते सहा तास, दर तासाला काढून ब्रश मारायचा. वर जी काळी काजळी येते ती पोलादातला कार्बन आहे, घासली की जाते. कडक पोलादासाठी मी नुसतं आम्ल वापरत नाही. १०० ग्रॅम सायट्रिक लिटरभर पाण्यात विरघळवून त्यात ७० ते ८० ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा थोडा थोडा घालायचा, फेस बराच येतो म्हणून मोठं भांडं घ्या. (सोडा खड्यांचा असेल तर त्यात पाणी असतं, वजन जवळजवळ पावणेतीनपट धरा.) हे मिश्रण आम्लासारखं पोलाद खात नाही, गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात ओढतं. हळू आहे, एक-दोन दिवस घेतं, पण विसरलात तर हत्यार वाचतं. विद्युत पद्धत चांगली आहे, पण तिच्यावर स्वतंत्र उत्तर लागेल. इतकंच लक्षात ठेवा की हत्यार ऋण टोकाला, धन टोकाला साधं लोखंड, स्टेनलेस स्टील कधीच नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि जागा मोकळ्या हवेची हवी, हायड्रोजन निघतो.

करवत आणि पटाश्या आधी बाहेर काढायला सांगितल्या त्याचं कारणही हायड्रोजनच. आम्ल पोलादाला खाताना सुटणारा हायड्रोजन धातूच्या आत शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ करतो. जितकं पोलाद कडक तितका धोका जास्त. स्प्रिंग आणि करवतीचं पातं सगळ्यात पुढे. बराचसा हायड्रोजन हळूहळू आपोआप निघून जातो, म्हणून दोन-तीन दिवस करवत वाकवू नका आणि पटाशीवर हातोडा मारू नका.

धुतल्यावर शेवटचं पाणी कढत घ्या. धातू तापतो आणि स्वतःच्या उष्णतेने मिनिटभरात वाळतो. थंड पाण्याने धुतलं तर पुसून होईपर्यंत नारिंगी गंजाची झाक येते.

तारेच्या चाकाकडे येतो. एका जुन्या सहकाऱ्याशी माझा यावर कायमचा वाद आहे. त्याचं म्हणणं, पाच मिनिटांत चकाचक होतं, मग तीन दिवस कशाला घालवायचे. चकाचक होतं हे खरं. पण चाक गंजाच्या खड्ड्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, खड्ड्यांच्या तोंडावरून जातं आणि आतला गंज दाबून पॉलिश करतं. वर तेलाचा पापुद्रा असेल तर घर्षणाने तो मऊ होऊन सगळीकडे लेपला जातो. चकाकीखाली दोन्ही शिल्लक राहतात आणि पहिल्या दमट हवेत डाग त्याच जागी परत येतात. कोपरे गोल होतात, मापाच्या रेषा आणि शिक्के पुसट होतात, आणि गुण्याची कड एकदा गोल झाली की तो गुण्या राहत नाही. पटाशीचं पोलाद साधारण २०० ते २३० अंशाला पाणी उतरवलेलं (कडक केल्यावर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी केलेलं) असतं. ३०० च्या आसपास ते निळं पडतं आणि त्या जागेची धार पुढे टिकत नाही. तारेचं चाक दगडापेक्षा कमी तापवतं, हे मान्य, पण धारेपाशी पोलाद इतकं पातळ असतं की जास्त लागतही नाही. पातळ पातं चाकात अडकलं तर ते हातातून उडतं, हा भाग वेगळाच. तीन दिवसांपैकी हाताचं काम दीड-दोन तासांचं आहे. बाकी वेळ डबा काम करतो. हे गणित त्याला आजवर पटलेलं नाही.

घण, पहार, व्हाइसचं अंग, जिथे ना माप आहे ना धार, तिथे चाक चालेल. पण रॉकेल आणि सोड्यानंतरच. चाकावर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे का ते बघा, लहान ग्राइंडर मिनिटाला ११,०००च्या आसपास फिरतो. तारा सुटून कपड्यातून आत घुसतात, म्हणून पूर्ण चेहऱ्याचं कवच घाला.

लाकडी मुठी पाण्यात बुडवू नका. सैल दांडा पाण्यात फुगवून घट्ट करणाऱ्यांनी हे खास वाचावं: फुगलेले तंतू लोखंडी डोळ्यात (दांडा बसतो त्या भोकात) चिरडले जातात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा सैल होतो. पाचर बदला. मुठीवरचा घामाचा आणि तेलाचा काळा थर चार शून्यांच्या (०००० नंबरच्या, अगदी बारीक) स्टील वूलला टर्पेंटाइन लावून काढा, मग जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात, आणि २० मिनिटांनी उरलेलं तेल पूर्ण पुसून टाका. न पुसलेलं तेल म्हणजे पुन्हा तोच चिकटा.

लोखंडाला मात्र जवसाचं तेल नको, आणि स्वयंपाकघरातलं बहुतेक कोणतंच नको. "घरात जे असेल ते तेल लावून ठेवा" हा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तुम्ही आज जे खरवडताय ते कदाचित कोणीतरी काळजीपोटी लावलेलं तेलच आहे. तेल किती वाळतं ते त्याच्या आयोडीन अंकावरून कळतं. जवसाचा १७० ते २००, सूर्यफुलाचा सुमारे ११० ते १४०, शेंगदाण्याचा ८५ ते १०५, खोबरेलाचा ६ ते ११. १३० च्या वर तेल पक्कं वाळतं, १०० ते १३० च्या मध्ये अर्धवट वाळून चिकट होतं, आणि हा चिकटपणा सगळ्यात वाईट. खोबरेल वाळत नाही, पण थंडीत गोठतं आणि जुनं झालं की खवट होतं. शिलाई मशीनचं पातळ तेल किंवा पेस्ट वॅक्स लावा. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला उत्तम, टिकाऊ संरक्षण म्हणून कमी पडतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंगवलेलं हत्यार कोरडं घासू नका, ओलं घासा आणि मास्क लावा. पिवळसर झाक असलेला मुलामा कॅडमियमचा असू शकतो. त्याला ना आम्ल, ना आच. रॉकेलच्या जागी पेट्रोल कधीही नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली हत्यारांच्या खोलीत उघडूसुद्धा नका, तिच्या वाफेने भिंतीवर टांगलेली स्वच्छ हत्यारंही गंजतात. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. एकेरी पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

ढिगात कानशी असतील तर त्यांचं वेगळं आहे. दात ॲल्युमिनियमने भरले असतील तर पितळी पट्टी दातांच्या ओळीच्या दिशेने दाबून सरकवा, पट्टीवर दातांचा ठसा उमटतो आणि प्रत्येक खाच साफ होत जाते. रॉकेलने धुतल्यावर कानस रात्रभर तुमच्या त्याच व्हिनेगरमध्ये ठेवलीत तरी चालेल. दातांच्या कडा किंचित खाल्ल्या जाऊन ती थोडी धारदारच होते. पुढे वापरताना खडू घासून घ्या, म्हणजे कीस अडकत नाही.